आठ कोर, पाच पाहुणे

फोंड्याला, वरच्या बाजारात, पतसंस्थेच्या माळ्यावर
जिथे पूर्वी सुपारीची पोती असायची
तिथे आता एक यंत्र आहे, एक एसी,
आणि एसीखाली बादली.

यंत्रात आठ कोर.
त्यांवर पाच पाहुणे राहतात:
खातेवही, पगार, हजेरी, पिग्मी
आणि पाचवा, ज्याचं नाव नुसतंच 'इनास-२'.
प्रत्येकाला सांगून ठेवलंय, चार तुझे.
पाच चोक वीस.
आठाचे वीस कसे झाले हे कुणी विचारत नाही,
एकाच्या खोलीतून दुसऱ्याची खोली दिसत नाही.

एकतीस मार्च. व्याज चढवायचं होतं.
खातेवही दहाला बसली ती साडेअकरा झाले तरी
तीनशेव्या खात्यावरच.
आत शिरून पाहिलं तर म्हणते,
काम चालू आहे, मी थांबलेले नाही.
खरंच सांगत होती.
पाळी संपली की तिला उचलून बाजूला ठेवतात,
केव्हातरी परत आणून बसवतात,
ती अर्धा राहिलेला हातचा पुढे नेते.
कोपऱ्यात एक आकडा तेवढा उरतो:
चोरीला गेलेला वेळ, एकसष्ट टक्के.

कुंदाबाई प्रियोळकर थर्मासमधला चहा ओतत म्हणाल्या,
आणखी एक मशीन घेऊया का रे?
मग स्वतःच हसल्या. पैसे किती आहेत
ते त्यांच्याच सहीखाली होतं.

माझे वडील दुर्भाटला मानशीवर होते.
मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं दार.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं,
तेवढं त्याचं त्याला कळतं.
फळ्या किती चढवायच्या, किती काढायच्या
हे माणसाने बघायचं.
भाटकाराचा माणूस यायचा: दोन काढ, आम्हांला मासळी हवी.
खालच्या शेतांतून बायका ओरडायच्या: एकही नको, खारं पाणी भातात शिरतंय.
वडील एक काढायचे
आणि दोन्हीकडच्या शिव्या खाऊन
घरी येऊन पेज जेवायचे.

'इनास-२' उघडलं.
तीन वर्षांत कुणी आत आलेलं नाही.
इनास रिबेलो, आगशीचा, माझ्याआधी या खुर्चीवर,
आता स्विंडनला, कुठल्याशा गोदामात खोकी बांधतो.
जाताना मला किल्ल्या दिल्या, पासवर्ड दिले,
याबद्दल अवाक्षर नाही.
आत एकच प्रोग्रॅम:
आगशीच्या धक्क्यावरची भरती,
पुढच्या शंभर वर्षांची, मिनिटामिनिटाची.
शंभर वर्षं संपली की परत पहिल्यापासून.
आठातले हाती येतील तितके कोर घेऊन
रोज रात्री, कुणासाठीही नाही.

बंद करायचं बटण समोर होतं.
बोट त्यावर किती वेळ होतं ते मोजलं नाही,
खाली कुंदाबाई खुर्चीतच झोपल्या होत्या
आणि बादलीत थेंब पडत होता.

मग मर्यादेच्या रकान्यात लिहिलं:
एका कोरचा पाचवा हिस्सा. त्याहून जास्त नाही,
बाकीचे रिकामे बसले असले तरी नाही.

खातेवही सुटली.
चार वाजून दहा मिनिटांनी शेवटच्या खात्यावर,
तुळशीदास मामलेदार, शिल्लक चौऱ्याण्णव रुपये,
त्यावर एक रुपया काही पैसे व्याज चढलं.

'इनास-२'ला काही कळलेलं नाही.
त्याला अजून चार कोर दिसतात,
आपण हळू झालोय हे त्याला दिसायचं
तर घड्याळ बाहेरचं हवं.
आणि मी, दोन का नाही, शून्य का नाही,
एकच का, हे वडिलांना कधी विचारलं नाही.

सात वाजता पाववाल्याचा भोंपू वाजला.
कुंदाबाईंना उठवण्याआधी एकदा पडद्यावर पाहिलं.
सन दोन हजार एकाहत्तर, ऑगस्टची एकोणीस.
रात्रीही हीच तारीख होती.
आगशीला पाणी अजून चढतंय.